पहिल्या तुळईवरची जागा

सलग दोन वर्षं सोलेदाद माय मला हलकी लागली, आणि मी त्याचा तोरा मिरवला.

सोलेदाद माय म्हणजे आमच्या गावच्या देवळातली मूर्ती. पोरगा क्रुसावर गेल्यावर मागे एकटी उरलेली आई. काळ्या मखमलीत, हातात रुमाल. ईस्टरच्या आदल्या दिवशी, पवित्र शनिवारी संध्याकाळी ती गावातून फिरते. तिचं मखर ऑलिव्हच्या भरल्या ट्रॉलीएवढं जड, आणि ते आम्ही तीस बायका वाहतो. खांद्यावर नाही, मानेवर. मखराच्या पोटात सहा आडव्या तुळया आहेत, एकेका तुळईखाली पाच जणी, आणि चारी बाजूंनी जमिनीपर्यंत काळे पडदे. आतल्या बाईला ना माय दिसते ना रस्ता. पुढच्या बाईच्या टाचा तेवढ्या दिसतात. मला त्याही दिसत नसत, कारण मी पहिल्या तुळईवर, डाव्या टोकाला. माझ्यापुढे नुसता पडदा. एकोणतीस वर्षं ती जागा माझी होती.

आधी हे काम पुरुषांचं होतं. मग निम्मे पुरुष पोटासाठी बार्सेलोनाला गेले, उरलेल्यांच्या कंबरा गेल्या, आणि एका वर्षी मंडळाने ठरवलं की मखराला चाकं लावायची. मी तेव्हा एकतीस वर्षांची. भर चौकात उभी राहून म्हणाले, "माझ्या धडावर मान आहे तोवर माय भाजीच्या गाडीसारखी ढकलली जाणार नाही."

सेवेरो, माझा नवरा, म्हणाला, "तुझी मान एक. तीस लागतात."

"आणते," म्हटलं.

दारोदार जाऊन आणल्या. ऑलिव्ह झोडपणाऱ्या आणल्या, दुकानवाल्या आणल्या, शाळेतली बाईसुद्धा आणली. पहिले आठ दिवस सगळ्या गोड. "तू हो ना पुढे." "छे गं, तू हो." लग्नाच्या जेवणात दोन्हीकडच्या बायका वागतात तशा. मग वाळूची पोती लादलेला सांगाडा सरावाला पहिल्यांदा मानेवर आला आणि गोडवा तिथेच सांडला. दुकानवाल्या म्हणायला लागल्या, ह्या शेतवाल्या बैलासारख्या ओढतात. शेतवाल्या म्हणाल्या, ह्या काय फुलं वेचायला आल्यात? चार जणी रडून घरी गेल्या. त्यांना मी परत आणलं. दोघींना तर वेणी धरून आणलं, आता काय लपवू!

आमच्यात जागा मर्जीने मिळत नाही, उंचीने मिळते. डोक्यापर्यंतची उंची नव्हे, मानेच्या शेवटच्या मणक्यापर्यंतची. ओझं तिथे बसतं. सगळ्यांत उंच बायका पहिल्या तुळईला, मग उतरत उतरत मागे. एका तुळईवरच्या पाचही माना एका रेषेत हव्यात. एखादी उंच निघाली तर सगळा भार तिच्या मणक्यावर येतो. बुटकी निघाली तर ती नुसती चालते.

उंचीला भांडण कळत नाही. माझ्या शेजारी आली कासिल्दा. तिचं केस कापायचं दुकान. लग्नाआधी सेवेरो दोन उन्हाळे जत्रेत तिच्याबरोबर नाचला होता. मी ते विसरले नव्हते आणि तीही विसरली नव्हती. पण आमच्या माना एका रेषेत, करता काय? पहिलं वर्षभर आम्ही एकमेकींशी बोललो नाही. अंधारात कोपरं मारली, तेवढंच.

पहिल्या वर्षीच्या मिरवणुकीत मुकादमाच्या तिसऱ्या ठोक्याला पुढच्या तुळया उठल्या आणि मागच्या बसून राहिल्या. माय घसरली नाही ही तिचीच कृपा. पण एक मेणबत्ती पडली, आणि तिच्या झग्याची कड हातभर जळाली. बारच्या दारात उभे राहून पुरुष पोट धरून हसले. त्या हसण्याने आम्हाला जेवढं एकत्र बांधलं, तेवढं पाद्रीबाबांच्या पाच प्रवचनांनी बांधलं नव्हतं. ती कड मी स्वतः शिवली. त्याच आठवड्यात मी एक गोष्ट काढली. मखरासमोर चांदीची हातोडी असते. मुकादम तिचे तीन ठोके मारतो आणि तिसऱ्याला उठायचं, हे सगळीकडेच आहे. मी म्हटलं, दुसऱ्या ठोक्याला श्वास घ्यायचा. सगळ्यांनी, आणि ऐकू येईल असा. तिसऱ्याला तो सोडत उठायचं. तीस नाकांचा आवाज एक झाला की गुडघे एक होतात, त्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

चौथ्या वर्षी त्या पडद्याआड साठ पायांचं एकच जनावर होतं. शेजारच्या गावचे जथे आमची उचल ऐकायला यायचे. कासिल्दाला ताप आहे, की तिचं नवऱ्याशी वाजलंय, ते मला तिच्या श्वासावरून कळायचं. सेवेरो वारला त्या वर्षी तिने माझ्या कोपराला कोपर टेकवलं आणि देवळापासून देवळापर्यंत काढलं नाही.

अशी जागा होती ती. म्हणून सांगते आहे.

तर दोन वर्षांपूर्वी माय हलकी झाली. चुंबळ मानेवर टेकायची, तुळई चुंबळीला टेकायची, पण तो पूर्वीचा भार, डोळ्यांपुढे काजवे आणणारा, तो नाही. मला वाटलं, साठीला आले, एवढी वर्षं वाहिलं, मायने आता कृपा केली. त्याच्या आधल्या वर्षापासून मी चुंबळ जरा जाड वळायला लागले होते, मऊ बरी वाटते म्हणून. शेजारी कासिल्दा कण्हत होती. मी तिला टोमणे मारले. सगळ्यांसमोर मारले.

"काय गं, म्हातारी झालीस? मला तर माय पिसासारखी लागतेय."

"असेल बाई," ती म्हणाली. "तुझं नशीब."

"नशीब नाही, हाड लागतं. तुम्ही सगळ्या पावाच्या गाभ्याच्या."

पडद्याआड कुणी हसलं नाही. मला वाटलं, जळतात.

यंदा ईस्टरआधीचे चाळीस उपासाचे दिवस सुरू व्हायच्या आधी कासिल्दाकडे केस कापायला गेले. तिच्या गळ्यात पांढरा पट्टा होता, डॉक्टरने दिलेला.

"हे काय, कुत्र्यासारखं?"

"मणका सरकलाय. मान हलवायची नाही म्हणाले."

"खुर्चीत बसून केस कापल्याने सरकतो होय मणका?"

"उभी राहून कापते मी," ती म्हणाली आणि माझं डोकं पुढे दाबलं.

तिने मानेवरचे केस उचलले आणि तिची कात्री थांबली. आमच्या सगळ्यांच्या मानेवर गाठ असते, तुळईने पडलेली, कातड्याची, बदामाएवढी. मी माझी सगळ्यांना दाखवायची. डॉक्टरलाही म्हटलं होतं, तिला हात लावशील तर बघ. मी हात मागे नेला. गाठ नव्हती. कातडी नुसती सैल, मऊ.

"कासिल्दा, गाठ कुठे गेली?"

"तेल लावलं असशील."

"मी कशाला लावू तेल?"

"मान खाली ठेव तोमासा, नाहीतर कान जाईल."

आरशात तिचा चेहरा दिसत नव्हता. ती मुद्दाम बाजूला सरकली होती, हे घरी आल्यावर लक्षात आलं.

पुढच्या रविवारी उंची जुळवणी. तेलाच्या घाण्याची जुनी कोठी असते त्यासाठी. तीन वर्षांपासून मुकादम माझी मुलगी, निएवेस. तिचा आवाज खणखणीत, आणि ती माझीच मुलगी, त्यामुळे तिचं ऐकतात. जुन्या बायकांना मोजायची पद्धत नाही. नवीन येतात त्यांना मोजायचं, जुन्या आपापल्या जागी उभ्या राहतात. मला शेवटचं कधी मोजलं ते आठवतही नाही. मला कोण मोजणार?

निएवेस फळीवर खडूने रेघ ओढत म्हणाली, "यंदा सगळ्यांना मोजणार आहे. पहिल्या तुळईवर कासिल्दामावशीची मान गेली. का गेली ते मला कळायला हवं."

"म्हातारी झाली म्हणून गेली," मी म्हटलं.

"आई, चपला काढ आणि उभी राहा."

मी उभी राहिले. कोठीत एरवी बायकांचा कलकलाट असतो. त्या दिवशी सगळ्या खाली बघत आपापल्या चुंबळी वळत होत्या. निएवेसचं बोट माझ्या मणक्यावर आलं, मग फळीवर गेलं, मग परत मणक्यावर आलं.

"तीन बोटं कमी आहेस, आई."

"फळी वाकडी आहे."

"फळी सरळ आहे."

"मग जमीन वाकडी असेल. ह्या कोठीत बैल बांधायचे, जमीन खचलीय. सांगाडा आणा! मी खाली शिरते, मग कळेल कोण किती बोटं कमी आहे ते!"

कुणी हललं नाही. निएवेसने मान हलवल्यावर हलल्या. वाळूची पोती लादली, तीसच्या तीस जणी खाली शिरल्या. कासिल्दाने पट्टा काढला तेव्हा मी बघितलं नाही. पहिला ठोका. दुसरा, आणि तो श्वास, माझा श्वास, मी शिकवलेला. तिसरा. सांगाडा उठला, आणि पायांना पाय लावून आम्ही कोठीच्या दारापर्यंत चालत गेलो. चुंबळीला तुळई लागत होती. लागतेय की, म्हटलं मनात. मग डावा हात वर नेला आणि चुंबळ खाली दाबली. ती दबली, उशी दबते तशी. माझ्या मणक्याच्या आणि तुळईच्या मधे मी बोटं घातली.

एक गेलं. दुसरं गेलं. तिसरंही गेलं.

जथा चालत होता. चालता चालता खालून बाहेर पडता येत नाही, मागची बाई अडखळेल. म्हणून मी चालत राहिले. चाळीस पावलं असतील. माझ्या भोवती एकोणतीस बायका घामाघूम झालेल्या, आणि मी त्यांच्या मधे, पाहुणीसारखी, हात हलवत. उजव्या बाजूला कासिल्दा दातांतून श्वास घेत होती. तिच्या मानेवर तिचा भार होता आणि माझाही. दोन वर्षं.

सांगाडा खाली टेकल्यावर मी तिला गाठलं.

"तुला माहीत होतं."

"होतं."

"आणि गप्प बसलीस?"

"तुला कोण सांगणार होतं, तोमासा?" ती मान धरून पोत्यावर बसली. "तुझ्या तोंडासमोर उभं राहण्यापेक्षा मायचा भार बरा. तो निदान उलटून बोलत नाही."

मागून दोघीतिघी हसल्या.

"मी तुला म्हातारी म्हटलं. सगळ्यांसमोर."

"म्हटलंस खरं."

"आणि तू माझी कीव केलीस. दोन वर्षं मला तान्ह्या पोरीसारखी मिरवलीस."

"कीव कसली गं? जागा तुझी होती. तू तिथे असलीस की बरं वाटायचं. श्वास ऐकू यायचा तुझा."

ह्याच्यावर मला तेव्हा सुचलं ते वाईट होतं. म्हणाले, "तुला लहानपणापासून दुसऱ्याची वस्तू सांभाळायची हौस." सेवेरोचं नाव घेतलं नाही, पण कोठीतल्या सगळ्या बायकांना कळलं. कासिल्दाने पट्टा उचलला आणि गळ्यात बांधायला लागली. तिला मागचा आकडा लावता येईना. कुणीतरी लावून दिला. ते मी करायला हवं होतं.

निएवेस मला बाजूला घेऊन म्हणाली, "आई, चौथ्या तुळईवर तुझी उंची बरोबर बसते. तिथे ये. खरा भार मिळेल तुला."

"चौथ्या? पोरींच्यात?"

"त्या पोरी चाळिशीच्या आहेत."

"मी ज्यांची नाकं पुसली त्यांच्या टाचा बघत चालू? आणि पहिल्यावर कोण?"

तिने दाराकडे बोट केलं. तिथे एक उंच बाई उभी होती, हातात नवी चुंबळ. दोरिना. रुमानियाची. ऑलिव्हच्या हंगामाला आली होती, ती इथेच राहिली. चांगली बाई असेल. मला तिच्यात खोट काढायची होती आणि मिळाली नाही, म्हणून म्हटलं, "हिला आपली माय कोण ते तरी माहीत आहे का?"

दोरिना मोडक्यातोडक्या बोलीत म्हणाली, "माझे दोन मुलगे तिकडे आहेत, आजी. मला माहीत आहे."

मी चुंबळ उचलली आणि घरी आले.

उपासाचे चाळीस दिवस लहान असतात असं मला नेहमी वाटायचं. सराव, शिवणकाम, पडद्यांना ठिगळं, मेणबत्त्या मोजणं, दर वळणावर भांडण. यंदा ते दिवस संपता संपेनात. सरावाची वाट माझ्या दारावरून जाते. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी मी ओट्याशी भाजी चिरत असायची, आणि दोरीच्या तळव्यांच्या चपलांचा तो आवाज यायचा, वाळूवरून झाडू फिरवल्यासारखा. पहिल्या आठवड्यात तो फाटका होता. पहिल्या तुळईवर डावीकडे एक पाऊल उशिरा पडत होतं. खोटं बोलत नाही, मला आनंद झाला. सुरी खाली ठेवून ऐकत बसले. दुसऱ्या आठवड्यात पुढची तुळई भांडली. कासिल्दाचा आवाज ऐकू आला, "अगं माझ्या पायावर नको, जमिनीवर टाक पाय!" तिसऱ्या आठवड्यात भांडण नव्हतं. पाचव्यात मला डावं पाऊल शोधून सापडेना.

दारावर कुणी थाप मारली नाही. माझ्या दारावर थाप मारायची हिंमत मीच कधी कुणात ठेवली नव्हती. निएवेस रविवारी यायची, चौथ्या तुळईचं एकदा विचारायची, मी नाही म्हणायची. तिसऱ्या रविवारी तिने विचारलं नाही. त्या दिवशी कदाचित मी हो म्हटलं असतं.

मिरवणुकीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी सकाळी काबुली चणे भिजत घातले आणि पाणी ओतताना बघितलं, तीस जणींचे भिजवले होते. दरवर्षी माय परत आली की सगळ्या माझ्या स्वयंपाकघरात जेवायच्या, चणे, पालक आणि खारवलेला मासा, उभ्याउभ्या, माना चोळत. भिजवलेलं परत कोरडं होत नाही. शिजवलं. शनिवारी दुपारी निएवेस आली आणि पातेलं उचलून कोठीवर घेऊन गेली.

संध्याकाळी मी खुर्ची दारात ठेवली आणि उभीच राहिले. एकोणतीस वर्षांत मी मिरवणूक बघितली नव्हती. आधी वास आला, मेणाचा आणि धुपाचा. मग ढोल, एकटा, कारण सोलेदाद मायपुढे दुसरं वाद्य वाजत नाही. मग ती वळणावरून आली. इतक्या मेणबत्त्यांत तिचा चेहरा लहान दिसत होता. मला वाटलं होतं ती माझ्याकडे बघेल. ती सरळ समोर बघत होती.

मखर माझ्या दारासमोर टेकलं. इथे थांबा नसतो. थांबा पुढे आहे, बेकरीपाशी.

निएवेस हातोडीपाशी उभी राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "ही उचल तोमासाच्या नावाने. जिने आपल्याला दारोदार जाऊन गोळा केलं तिच्या."

एखाद्या उचलीला नाव देतात आमच्यात. अंथरुणाला खिळलेल्याचं, नाहीतर वारलेल्याचं.

"मी अजून मेले नाही," म्हटलं.

पडद्याआडून कासिल्दाचा आवाज आला, "ते ऐकू येतंय! ये आणि मार ठोका, गुडघे गेले आमचे!"

आतून सगळ्या हसल्या. एकोणतीस हसणी मला ओळखू आली. एक नवीन होतं.

निएवेस बाजूला झाली. मी रस्त्यात उतरले आणि हातोडी धरली. ती कांद्याएवढी जड. पहिला ठोका मारला. दुसरा मारला, आणि पडद्याआडून तो श्वास आला, तिसांचा एक. मीही घेतला. माझे गुडघे आपोआप वाकले, तिथे, रस्त्याच्या मधोमध, सगळ्या गल्लीसमोर. तिसरा मारला.

माय उठली. एकही ज्योत हलली नाही. मी डाव्या बाजूला कान लावला होता. तिथे एखादी भेग असेल, माझ्या मापाची. भेग नव्हती. इतकी स्वच्छ उचल मी आतून कधी ऐकली नव्हती. बाहेरून ती अशी वाजते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

ते मखर माझ्या अंगावरूनच गेलं म्हणायला हवं, मी भिंतीला टेकले. पडदा माझ्या हाताला घासत गेला. पहिली तुळई गेली, मग बाकीच्या. मागून झग्याची जळकी कड दिसली, माझ्या टाक्यांची. टाके वाकडे आहेत. आत असताना वाटायचं सरळ आहेत.

बेकरीच्या वळणापर्यंत पावलं ऐकू आली. तिथून पुढे ढोल, आणि मग तोही नाही.

मिरवणूक गेली की आपल्या दारासमोरचं मेण आपण खरवडायचं असतं, नाहीतर सकाळी दूधवाला घसरतो. दरवर्षी ते शेजारीण माझ्यासाठी करायची, मी आत असायची म्हणून. यंदा मी तिला खूण करून नको म्हटलं. भाकरीची सुरी आणली, गुडघ्यांवर बसले आणि फरशीवरचं मेण सोलायला लागले. अजून कोमट होतं. पहिली तुळई जिथे टेकली होती तिथे डाव्या बाजूला घामाचे चार थेंब पडलेले होते. दोरिनाचे असतील. त्यांना सुरी लावली नाही.